नोएडाच्या बसमधून फादरांच्या कॉलेजात

चार्टर्ड बसचे किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. तीच पन्नास माणसं, रोज त्याच सीटवर, सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी ट्रॅफिकच्या मर्जीनुसार. इतका वेळ एकत्र बसल्यावर माणसं एक तर भांडतात, नाहीतर एकमेकांच्या संसारात नाक खुपसतात. आम्ही दोन्ही मनापासून केलं.

ज्यांनी तेव्हाची दिल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑफिसच्या लोकांना महिन्याच्या पासवर नेणारी-आणणारी खाजगी बस म्हणजे चार्टर्ड बस. आमची नोएडाहून कॅनॉट प्लेसला जायची. घरोघर नुकतीच केबल आली होती, ऑफिसात कॉम्प्युटर येणार येणार म्हणत होते, आणि नोएडा म्हणजे नंबर दिलेले सेक्टर, अर्धवट बांधलेली घरं आणि मध्ये मध्ये रिकामे प्लॉट.

बसच्या मागच्या दोन रांगा मराठी. मी, म्हणजे विमा कंपनीतली नीला बर्वे. माझ्या शेजारी वसईची मेरीताई परेरा, एका ट्रॅव्हल कंपनीत स्टेनो. आमच्यात सगळ्यात शुद्ध मराठी तिचं. मागे साताऱ्याचे सुभेदार जाधव, फौजेतून रिटायर होऊन एका बँकेची सिक्युरिटी सांभाळणारे. आणि त्यांच्या शेजारी सरकारी ऑफिसातले साठे. पुढच्या सीटवर मिसेस खन्ना. त्या पंजाबी, पण इतक्या वर्षांत आमचं मराठी त्यांना सगळं कळायचं, विशेषतः जे कळू नये असं आम्हाला वाटायचं ते.

आज सांगते ते किस्से साठ्यांच्या रेवाचे. पोरगी बारावीत होती.

*

एका सकाळी साठे सीटवर बसले आणि आयटीओचा चौक येईपर्यंत बॅगेचा पट्टा नुसता सोडत-बांधत राहिले. मग एकदम म्हणाले, "रेवा म्हणते, तिला मुंबईला फादर लोकांकडे जायचंय."

सुभेदारांनी पेपर खाली ठेवला. "म्हंजे? पोरगी जोगीण व्हनार?"

पुढून मिसेस खन्ना वळल्या आणि साठ्यांचा हात धरून म्हणाल्या, "भाईसाहब, भगवान की मर्ज़ी." साठ्यांचा चेहरा इतका पडलेला होता की मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग उलगडा झाला. मुंबईत फादर लोक चालवतात ते जुनं, मोठं कॉलेज. रेवाला तिथे बॉटनी शिकायची होती. मेरीताईने सगळ्यांना शांतपणे समजावून सांगितलं, "हे येशूसंघाचे फादर. इंग्रजीत जेझुइट म्हणतात. यांचं काम शिकवणं. शाळा, कॉलेजं, प्रयोगशाळा, दुर्बिणी, सगळं यांचं असतं. कोणाला फादर करत नाहीत की सिस्टर करत नाहीत."

"पण थोडा परिणाम तर होत असेल ना?" साठे म्हणाले.

"माझे दोन्ही भाऊ तिथे शिकले," मेरीताई म्हणाली. "एकाचं वसईत वाइन शॉप आहे. दुसरा तिथेच बसलेला असतो."

*

मी ठरवलं की आपण स्वतः रेवाशी बोलायचं. मला अशी खुमखुमी असते.

रविवारी सकाळी गेले तर ती घरी नव्हती. शुभावहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बोट दाखवलं. रेवा तिथे उकिडवी बसून भिंगातून गवत बघत होती, आणि प्लॉटचा चौकीदार तिच्याकडे बघत होता.

"दिल्लीत काय कॉलेजं कमी आहेत?" मी विचारलं.

"मावशी, आमच्या स्कूलमध्ये एक फादर आले होते," ती म्हणाली. "त्या कॉलेजचे. त्यांनी ग्राउंडवर नेलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, घास. मग दुसरं दाखवलं. मी म्हटलं, घास. तर ते म्हणाले, दोघांना एकाच नावाने हाक मारलीस, दोघंही रागावतील."

"बरं. मग?"

"मग काही नाही. सत्तर वर्षांचा माणूस यार मावशी, आणि जमिनीवर पालथा पडून गवत बघत होता. किती खूश होता! मला तसं म्हातारं व्हायचंय."

समजावायला गेलेली मी. परत आले तेव्हा माझ्या पर्समध्ये तीन प्रकारचं गवत होतं आणि तिघांची नावं मला पाठ होती. पुढच्या महिन्यात त्या प्लॉटवर बेसमेंट खोदलं, तेव्हा मला आपल्याच घरचं काही गेल्यासारखं वाटलं.

*

रेवा ती पानं-गवतं वाळवायला वर्तमानपत्रात दाबून ठेवायची. साठे नेमके त्याच गठ्ठ्यातून पेपर उचलून बसमध्ये आणायचे.

हिवाळ्याचे दिवस होते. थंडीत आमच्या बसमधल्या बायका येता-जाता मटार सोलतात. ऑफिसला पोचेपर्यंत रात्रीच्या भाजीची तयारी. मिसेस खन्नांच्या मांडीवर थाळी होती. साठ्यांनी मागे पेपर उघडून झटकला आणि त्यातून एक वाळकं रोप उडून थेट मटारात पडलं.

साठे उठून माफी मागायला लागले. "सॉरी जी, बेटी का प्रोजेक्ट है. आठ दिन से इसका नाम ढूँढ रही है, किसी किताब में नहीं मिल रहा."

मिसेस खन्नांनी रोप नाकाशी नेलं. "इसमें ढूँढना क्या है? बथुआ है. रायता बनाओ."

चाकवत हो! आम्ही चौघांनी जन्मभर खाल्लेला, पण बाजारातल्या जुडीत पाहिलेला. जमिनीत उगवलेला एकटा चाकवत आमच्यापैकी कोणीही ओळखला नव्हता.

वाळवलेलं प्रत्येक रोप कागदावर चिकटवून खाली एक पट्टी लिहायची असते: रोपाचं नाव, कुठे मिळालं, कोणी ओळखलं. रेवाने पुढच्या आठवड्यात तो कागद मला दाखवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "ओळखणाऱ्या: मिसेस खन्ना, चार्टर्ड बस, मागून तिसरी सीट."

*

साठे मुळात रीतसर माणूस. घरात कुकर घ्यायचा तरी ते आधी कागदावर मुद्दे काढायचे. एक दिवस त्यांनी ऑफिसात टाइप केलेला कागद बसमध्ये फिरवला. डावीकडे दिल्ली, उजवीकडे मुंबई.

दिल्लीच्या बाजूला चौदा मुद्दे. घरचं जेवण. घरचा अभ्यास. नॉर्थ कॅम्पसची उत्तम कॉलेजं. आजारी पडल्यास आई. असं करत करत चौदावा मुद्दा होता, "रविवारी सगळे एकत्र." मुंबईच्या बाजूला एकच ओळ: "रेवाला जायचंय."

"आता तुम्हीच सांगा," साठे म्हणाले. चौदा विरुद्ध एक, त्यामुळे आवाजात जरा जोर होता.

कागद सुभेदारांकडे गेला. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, घडी केली आणि परत दिला.

"सायेब, ह्ये चौदाच्या चौदा तुमचं हायेत. पोरीचं येकच हाय."

खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एकुलती एक मुलगी. ती गेली की त्या घरात दोन माणसं आणि केबल एवढंच उरणार होतं. साठ्यांनी तो कागद पुन्हा कधी काढला नाही. पण फॉर्मवर सहीही करेनात. शेवटी शुभावहिनींनी सही केली, आणि "आई किंवा वडील" असं फॉर्मवर छापणाऱ्याचे मी मनात आभार मानले.

*

फॉर्मसोबत हॉस्टेलसाठी एक चारित्र्याचा दाखला हवा होता. मुलीला दोन वर्षं ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीचा. आता यात काय अवघड आहे? आमच्या बसमध्ये सगळेच प्रतिष्ठित. मी लिहिला. मेरीताईने टाइप केला. सुभेदारांनी लिहिला. मिसेस खन्नांनी लिहिला. ड्रायव्हर बलबीरने पंजाबीतून सांगितला आणि मिसेस खन्नांनी इंग्रजीत उतरवला. असे नऊ दाखले एका पाकिटातून गेले.

पंधरा दिवसांनी हॉस्टेलच्या वॉर्डन फादरांचं पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. "अर्जदाराच्या चार काकांची आणि पाच मावश्या-आत्यांची पत्रं मिळाली. इतकं प्रेमळ कुटुंब पाहून आनंद झाला. परंतु नियमाप्रमाणे दाखला नात्याबाहेरच्या व्यक्तीचा हवा."

आम्ही सगळ्यांनी सहीखाली सवयीप्रमाणे लिहिलं होतं, "रेवाचे काका", "रेवाची मावशी". परगावी आपलं कोणी नसतं, म्हणून आम्ही दिसेल त्या माणसाला नातं लावत गेलो होतो. आता नात्याबाहेरचा माणूस शोधायला बसलो तर अख्ख्या सेक्टरात सापडेना. तो प्लॉटचा चौकीदारसुद्धा एव्हाना चाचा झाला होता.

तीन दिवसांनी सुभेदार बसमध्ये चढले ते हातात स्टॅम्प पेपर घेऊन. नोटरीचा शिक्का, लाल सील, फोटो, सगळं. "मी, सुभेदार जाधव, प्रतिज्ञेवर लिहून देतो की कुमारी रेवा साठे हिचा मी कोणत्याही प्रकारे काका लागत नाही."

आम्ही इतके हसलो की बलबीरने गाडी हळू केली. सुभेदार मात्र हसले नाहीत. बाहेर बघत बसले. यमुनेच्या पुलावर आल्यावर हळूच म्हणाले, "लिहून देताना लई वंगाळ वाटलं बगा."

*

मुलाखतीला मुंबईला साठे स्वतः घेऊन गेले. "मी फक्त सोबत चाललोय," असं त्यांनी आम्हाला चार वेळा सांगितलं. पुढचं सगळं परत आल्यावर त्यांच्याच तोंडून ऐकलं, तेही मेरीताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा.

रेवा आत, साठे बाहेर कॉरिडॉरमध्ये, दार उघडं. टेबलामागे दोन फादर आणि एक मॅडम. त्यांनी एक वाळवलेलं गवत तिच्यासमोर ठेवलं आणि नाव विचारलं. त्या गवताचे पाच कागद तिच्या कपाटात होते. पण पोरगी घाबरली. तोंडातून शब्द फुटेना.

"आणि साठे, तुम्ही?" मेरीताईने विचारलं.

साठे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी काय करणार? उभा होतो."

खरी गोष्ट अशी होती की त्या क्षणी ते गप्प राहिले असते, तर मुलगी घरीच राहणार होती. वर्षभर त्यांना हेच तर हवं होतं, आणि ते आयतं समोर आलं होतं.

"मग?"

"मग काय, दोन मिनिटं गेली. तीन गेली. ती अशी मान खाली घालून बसलेली. मला बघवेना हो. मी दारातून म्हटलं, डेस्मोस्टॅकिया."

"अहो साठे!"

"तर तिला पुढचंही आठवेना. मग मीच म्हटलं, बायपिनाटा. दर्भ, फादर, दर्भ! श्राद्धाला लागतो तो."

ते ऐकून रेवाला हसू फुटलं, आणि तिची भीती गेली. मग त्यांनी दाखवलेली पुढची सहा गवतं तिने एका दमात सांगितली. गवताच्या नावाने वर्षभर कुरकुर करणाऱ्या माणसाला ती सगळी पाठ होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

निघताना त्यातले म्हातारे फादर दारापर्यंत आले. साठ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्टर साठे, तुम्ही एकच फॉर्म का भरलात?"

*

नोएडात तेव्हा पोस्टाचा भरवसा नव्हता. सेक्टर नवे, पाट्या नाहीत, पोस्टमन बिचारा पत्रं कुठेही टाकायचा. म्हणून आम्ही सगळे महत्त्वाच्या कागदांना ऑफिसचा पत्ता द्यायचो. कॉलेजचं उत्तरही साठ्यांच्या ऑफिसात यायचं होतं.

एका सोमवारी सकाळी साठ्यांनी पास काढायला बॅग उघडली तेव्हा मला एक लांब पाकीट दिसलं. फोडलेलं.

"आलं?" मी विचारलं.

त्यांनी घाईने बॅग बंद केली.

"कधी आलं?"

"शुक्रवारी."

"ॲडमिशन मिळाली?"

त्यांनी मान हलवली. मिळाली होती. हॉस्टेलसुद्धा. शुक्रवारपासून ते पाकीट बॅगेत होतं. शनिवार, रविवार ती मुलगी घरात वाट बघत होती आणि हे पाकीट खुंटीला टांगलेल्या बॅगेत!

मी पुष्कळ बोलले. नको तेवढं बोलले. "आज सांगणार होतो," असं ते दोनदा म्हणाले, पण माझं तोंड थांबेना. साठ्यांचे डोळे भरून आले तेव्हा कुठे मी थांबले आणि मलाच कसंतरी झालं. मेरीताईने त्यांना पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यात बस थांबली. स्टॉप नव्हता, निजामुद्दीन पुलाच्या अलीकडचा मोकळा रस्ता होता. मिसेस खन्ना ड्रायव्हरजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भाईसाहब," त्या म्हणाल्या, "आप यहीं उतर जाइए. सामने से ऑटो मिलेगा. घर जाइए, बिटिया को चिट्ठी दीजिए."

"मेरा ऑफिस..." साठे म्हणाले.

"आपका ऑफिस कहीं नहीं जा रहा."

बलबीरने दार उघडलं. साठ्यांनी एकदा सगळ्या बसकडे पाहिलं. कोणी त्यांच्या बाजूचं दिसेना. ते उतरले आणि रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या ऑटोला हात करू लागले. वैध पास असलेल्या माणसाला भर रस्त्यात उतरवलं, असं आमच्या बसमध्ये पुन्हा कधी झालं नाही.

*

रेवाची गाडी रविवारी सकाळची होती. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. मेरीताईने मुंबईतल्या ओळखीच्या तीन घरांचे पत्ते लिहून दिले, सुभेदारांनी ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि पत्ता घातला होता, मिसेस खन्नांनी पराठे इतके दिले की अर्धा डबा जेवला असता. रेवा सगळ्यांच्या पाया पडली. "सुभेदारकाका," असं म्हणून तिने त्यांना मिठी मारली, तेव्हा त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

साठे सामान लावायला डब्यात चढले. ट्रंक सीटखाली सरकवली, साखळी घातली, कुलूप ओढून पाहिलं. शिट्टी झाली. शुभावहिनींनी खिडकीतून हाक मारली, "अहो, उतरा आता." साठे वाकून पुन्हा कुलूप बघत होते. गाडी हलली. आम्ही ओरडलो, सुभेदार तर डब्याबरोबर पळाले. गाडी गेली आणि साठे तिच्यातच राहिले.

शुभावहिनी प्लॅटफॉर्मवर हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. आम्ही त्यांना घरी पोचवलं.

मंगळवारी साठे बसमध्ये आले. आम्ही काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "कुलपाच्या नादात गाडी सुटल्याचं कळलंच नाही हो. चुकून राहिलो."

"व्हतं आसं," सुभेदार म्हणाले, आणि त्यांना पेपरचं मधलं पान दिलं.

दहा दिवसांनी रेवाचं पत्र आलं, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. संध्याकाळी बसची वाट पाहताना मी ते मेरीताईला आणि सुभेदारांना वाचून दाखवलं. साठे अजून यायचे होते. हॉस्टेल, जेवण, रूममेट असं सगळं होतं, आणि शेवटी हे:

"मावशी, गाडीत टी.सी. आला तेव्हा मला वाटलं, आता बाबांना फाइन पडणार. तर बाबांनी शर्टच्या पॉकेटमधून तिकीट काढून दिलं. मागच्या आठवड्यात काढलेलं, मथुरेपर्यंतचं. मी पराठे काढले. मथुरा आली तेव्हा आम्ही दोघं पराठे खात होतो. बाबा त्याच्याही चार तास पुढे, कोट्याला उतरले."